सोमीच्या चित्रातली एकतीस घरे

“चित्रात घर काढलं नाय, म्हून ते नव्हतं. मंग काढलं, तर ते खोटं झालं. आता तुमीच सांगा, ते व्हतं कवा?”

सोमी शिद हिने हा प्रश्न २०२३ च्या डिसेंबर महिन्यात, कचेरीबाहेरच्या सिमेंटच्या बाकावर बसून मला विचारला. आवाजात तक्रार नव्हती. बाजारात भाव विचारावा तसा तिने तो विचारला आणि उत्तरासाठी थांबली. पुढील मजकूर म्हणजे ते उत्तर नव्हे. एका बाईचे घर कागदावरून कसे नाहीसे झाले, आणि त्यात तिच्या स्वतःच्या हाताचा, तिच्या वाडीच्या एका रीतीचा व काही शिकलेल्या माणसांचा वाटा किती होता, एवढेच येथे क्रमाने मांडायचे आहे.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांच्या सीमेवर, डोंगराच्या एका सोंडेवर ठाकरांची बत्तीस घरांची वाडी होती. तिचे नाव येथे मुद्दाम देत नाही. सोमीचा जन्म या वाडीतला. वय विचारले की ती कारवीच्या फुलोऱ्यावर बोट ठेवते: “मी जल्मले तवा कारवी फुललेली व्हती. तवापासून सहा डाव फुलली. तुमीच मोजा.” कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. म्हणजे ती पन्नाशीच्या आसपास असावी.

लग्न होऊन ती खोपोलीकडे गेली. नवरा शिळफाट्याला टेंपो भरण्याच्या कामावर होता. चार वर्षांनी त्याने दुसरी बायको केली आणि सोमी एक गाठोडे घेऊन वाडीत भावाकडे, पोशाकडे, परत आली. दोन पावसाळे तिने त्याच्या पडवीत काढले. तिसऱ्या वर्षी, २००७ च्या उन्हाळ्यात, पोशाच्या घरापासून वीसेक पावलांवर तिने स्वतःचे घर उभे केले. खांब पोशाने रोवले. बाकी सारे तिचे: रानातून कारवी तोडून आणणे, काड्या उभ्या-आडव्या गुंफून कूड विणणे, माती आणि शेण कालवून तो दोन्ही अंगांनी लिंपणे. हे घर तिने चौदा वर्षे वापरले. दर उन्हाळ्यात शाकारले, दर दिवाळीला लिंपले.

त्या घराची नोंद मात्र कुठेही नव्हती. वाडी ज्या जमिनीवर होती ती कोणाच्याच नावावर नव्हती, त्यामुळे घरपट्टी नव्हती. सोमीचे नाव भावाच्या रेशनकार्डावर राहिले. दिव्यासाठी वायर पोशाच्या मीटरवरून ओढलेली होती. कागद पाहणाऱ्याला ते घर पोशाच्या घराचा एखादा कोपरा वाटले असते. वाडीत राहणाऱ्याला तसे वाटण्याचे कारण नव्हते, कारण तिचे दार वेगळे होते आणि चूल वेगळी होती.

वाडीत तिला मान होता तो चौकासाठी. लग्नाच्या आदल्या दिवशी लग्नघराची भिंत गेरूने सारवतात आणि तांदळाच्या पिठाने तिच्यावर चौक काढतात. नवरा दुसरीबरोबर नांदत असला तरी जिवंत होता, म्हणून सोमीचा हात चौकाला चालत असे. या वाडीत चौकाभोवती वाडीतली सगळी घरेही काढण्याची पद्धत होती, आणि तिच्यात एक अट होती. काढणारी बाई स्वतःचे घर काढत नसे. इतर वाड्यांत ही अट मला आढळली नाही. सोमीला ती आईकडून मिळाली होती आणि तिचे कारणही तिला ठाऊक होते.

“घर काढलं का देव तिथं जेवाया येतो,” ती म्हणाली. “वाढनारीन पयलं आपलंच पान मांडलं तर कसं दिसंल?”

त्यामुळे प्रत्येक चौकात एक घर कमी असे, आणि ते कोणाचे हे सांगण्याची गरज कोणालाही पडत नसे.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये वाडीच्या वरच्या उताराला लांबच लांब भेग पडली. दोन दिवसांत वाडी खाली आणून सपाटीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवण्यात आली. पाऊस उघडल्यावर माणसे वर जाऊन आपापले खांब, दारे, कौले उतरवून घेऊन आली, कारण शेडमध्ये चुलीला आडोसा हवा होता. सोमीनेही आपले दार आणले. कूड राहिले, ते पुढच्या पावसात विरघळले. वरच्या जागेला कुंपण घालण्यात आले.

त्याच हिवाळ्यात अंतरा वैद्य शेडवर आली. अंतरा कर्जतच्या एका जुन्या घराण्यातली. तिचे आजोबा तिथे वकिली करत. मुंबईत चित्रकलेचे शिक्षण घेऊन ती परतली होती आणि कळंबजवळ मामाच्या शेतावरच्या गोदामात तिने एक कार्यशाळा भरवली होती. विषय होता ‘घर’. कलावंत पाच होते. त्यांपैकी तेजश्री रसायनीची. तिचे वडील ज्या कारखान्यात होते त्याच्या कामगार वसाहतीतल्या पाडल्या जाणाऱ्या खोल्यांच्या दारांवरचे आकडे ती कागदावर घासून उतरवत होती. पाचवी सोमी. कापडाला गेरू आणि शेण लावून भिंतीसारखे केले तर त्यावर चौक काढशील का, असे अंतराने विचारले, आणि सोमी रोज टेंपोने जाऊ लागली.

पहिल्या दिवशी सगळे गोल बसले आणि प्रत्येकाने घर म्हणजे काय ते सांगायचे ठरले. तेजश्री म्हणाली, “माझ्यासाठी घर म्हणजे वास. डोळे मिटून ओळखीन मी.”

“रसायनीचा वास म्या पन वळखते,” सोमी म्हणाली. “घर नाय, कंपनी हाय ती.”

हसणे ओसरल्यावर अंतराने विचारले, “आणि तुम्हाला काय वाटतं, सोमीताई?”

“वाटायचं काय त्यात? पावसाआदी शाकारायचं.”

बारा दिवसांत तिने आठ फूट लांब आणि पाच फूट रुंद कापड भरले. मध्ये चौक, भोवती वाडी. झाडाच्या बुंध्यावरून, ओट्याच्या उंचीवरून, कोंबड्यांच्या खुराड्यावरून कोणते घर कोणाचे ते वाडीतला माणूस लगेच सांगे. खालच्या बाजूला, अगदी मध्ये, तळहाताएवढी जागा नुसती लाल राहिली होती. सगळी घरे जिथून दिसतात ती ही जागा. सोमीचे अंगण तिथे होते.

एप्रिलमध्ये कर्जतला प्रदर्शन झाले. त्याची चोवीस पानी पुस्तिका निघाली. त्यात सोमीच्या चित्रावर एक टिपण होते, आणि त्यात या मोकळ्या लाल जागेविषयी लिहिले होते की ‘विस्थापनाने निर्माण केलेली पोकळी कलावंताने जाणीवपूर्वक रिकामी ठेवली आहे’. ते टिपण माझे होते. सोमीला मी त्या जागेविषयी विचारले नव्हते. चित्र मला पुरेसे बोलके वाटले होते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये पुनर्वसनासाठी पंचनामा करायचा ठरला, आणि अडचण अशी झाली की पंचनामा कशाचा करायचा हेच कोणाला सांगता येईना. वर कुंपणाआड झुडपे होती. घरांची नोंदवही नव्हती. रेशनकार्डे एकोणीस. तलाठी सुनील हा तरुण आणि सरळ माणूस. प्रदर्शन त्याने पाहिले होते. तो म्हणाला, चित्र आणा, वाडीसमोर धरा, प्रत्येक घर कोणाचे ते सगळ्यांनी मिळून सांगा, मी लिहून घेतो आणि चित्र पंचनाम्याला जोडतो. या कल्पनेचे त्या दिवशी सर्वांनी कौतुक केले. अंतराचे डोळे भरून आले होते, असे ती स्वतः सांगते.

शेडसमोर कापडाचे एक टोक अंतराने आणि दुसरे पोशाचा मुलगा पदू याने धरले. सोमी काडी घेऊन पुढे उभी राहिली.

“ह्ये धाऊदादाचं, दोन दारांचं. ह्ये कोंडीचं, म्होरं आंबा हाय.”

“माझं घर केवडं काढलंस गं!” शेजारीण कोंडी ओरडली. “माझ्या दादल्याची मान मोडंल आत शिरताना.”

“व्हतंच तसं. दोनदा मोडली नाय का?”

कोंडीचा नवरा मागे बसून हसत होता. सुनील लिहीत गेला. शेवटी त्याने बेरीज वाचली, “एकतीस. झालं ना सगळं?”

“झालं,” वाडीचा जाणता माणूस धाऊ म्हणाला. कोंडी म्हणाली, पोशा म्हणाला. सोमीही म्हणाली.

या एका शब्दावर नंतर पुष्कळ चर्चा झाली. बत्तिसावे घर तेव्हा कोणालाच आठवले नाही, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. तो चुकीचा ठरेल. ते सर्वांना इतके ठाऊक होते की सांगण्याची बाब राहिलीच नव्हती. काढणारीचे घर चित्राबाहेर असते हे जसे वाडीला माहीत, तसे ते साऱ्या जगाला माहीत असणार, असे त्यांनी धरले. पंचनाम्यावर सोमीने सही केली. साक्षरता वर्गात ती सही शिकली होती, आणि त्या दिवशी बायकांत सही करणारी ती एकटीच होती.

मार्च २०२३ मध्ये यादी लागली. तीत एकतीस नावे होती आणि सपाटीवरच्या जागेत एकतीसच भूखंड आखलेले होते. पदूने यादी दोनदा वाचली.

“आत्या, तुजं नाय.”

“खाली बघ. मी खालीच आसते.”

“खाली शिक्का हाय.”

सुनीलकडे गेल्यावर तो गोंधळला. “मावशी, तुम्हीच तर काडी धरून दाखवत होता. तेव्हा का नाही बोललात?”

“म्या काय बोलू? चित्र माझं व्हतं ना, भाऊसाहेब.”

त्याला ते समजले नाही, पण तिचे घर होते याविषयी त्याला शंकाही नव्हती. अर्ज करा, सोबत वाडीच्या सह्या जोडा, असे त्याने सुचवले. वाडीने सह्या दिल्या. इथवर सारे दुरुस्त होण्यासारखे होते.

घाई अंतराला झाली. पंचनाम्याला चित्राचा फोटो जोडला होता, मूळ कापड तिच्याकडे होते आणि सुनावणीत ते दाखवावे लागणार होते. चित्रातच घर नसेल तर अर्जाला आधार काय, असे तिच्या मनाने घेतले. एप्रिलमध्ये ती कापड घेऊन शेडवर आली.

“सोमीताई, तुमचं घर काढा यात. जागा तर आहेच.”

“मी? माझं मीच?”

“मग कोण काढणार?”

यालाही रीतीत उत्तर होते: दुसऱ्या बाईने काढलेले चालते. सोमी कोंडीकडे गेली. कोंडीने हात मागे घेतला. “मला साधी रेघ सरळ येत नाय गं. आन् तुझ्या चित्राची घाण करू?” वाडीत चौक काढणारी दुसरी बाई उरली नव्हती. मुलींपैकी कोणी शिकलेली नव्हती. पोशा म्हणाला, “काढ बाय. देवाला सांगू आमी, कचेरीचं काम व्हतं म्हून.”

तिने काढले. अंतरा सांगते की पूर्वीची घरे सोमीने बोलत, गात काढली होती, आणि हे एक घर काढताना तिने एकदाही वर पाहिले नाही. दार, ओटा, कुडावरच्या आडव्या काड्या. पीठ या वेळी रेशनच्या तांदळाचे होते. पहिले पीठ घरच्या भाताचे होते आणि त्यात अंतराने डिंक घातला होता. वर्षभरात ती घरे पिवळसर झाली होती. नवे घर पांढरेशुभ्र उमटले.

डिसेंबरमध्ये सुनावणी झाली. अधिकारी सभ्य होते. त्यांनी सोमीला बसायला खुर्ची दिली. मग टेबलावर एका बाजूला कापड पसरले आणि दुसऱ्या बाजूला प्रदर्शनाची पुस्तिका उघडून ठेवली.

“बाई, हे घर नंतर काढलंय का?”

“व्हय.”

“कधी?”

“चैतात. औंदाच्या.”

“आधी का नव्हतं काढलं?”

“माझंच व्हतं म्हून.”

बाजूचा कारकून हसला. अधिकारी हसले नाहीत. “मी सांगितलं तिला काढायला,” अंतरा उठून म्हणाली. “तिचा काही दोष नाही.”

“मॅडम, त्यानं गोष्ट आणखी अवघड होते,” ते म्हणाले, आणि पुस्तिकेतले माझ्या टिपणातले वाक्य त्यांनी मोठ्याने वाचले. जाणकारांनीच ही जागा रिकामी असल्याचे लिहून ठेवले आहे, तेही अर्जदाराच्या हेतूसह, असे त्यांचे म्हणणे पडले. मी त्या टिपणाची जबाबदारी घेतली, जागेचा अर्थ मला कळला नव्हता असे सांगितले आणि वाडीच्या रीतीविषयी दोन पाने लेखी दिली. ती फाइलला लागली. नोंद झाली ती अशी: अर्जदाराने घर मागाहून काढल्याचे मान्य केले.

तिथून बाहेर आल्यावर ती बाकावर बसली आणि तिने तो प्रश्न विचारला.

प्रकरण एवढ्यावर थांबते तर नुकसान एका घराचे झाले असते. पण एका घराच्या बाबतीत चित्र बदलले असेल तर बाकीच्या एकतीस घरांचा भरवसा काय, असा शेरा फाइलवर पडला आणि सबंध यादी फेरतपासणीसाठी थांबली. तपासायला काहीच नव्हते. वरच्या जागेवर तीन पावसाळे होऊन गेले होते. २०२४ चा उन्हाळा वाडीने पत्र्याखाली काढला. त्या मे महिन्यात कोंडीचा नवरा शेडमध्येच वारला. त्याला दमा होता, आणि तो अन्यथाही वारला असता असे म्हणता येईल. सोमीला कोणी काही बोलले नाही. कोंडीने तिच्याकडे पाणी मागणे बंद केले, एवढेच.

जूनमध्ये धाऊ आणि पोशा शेडमध्ये तिच्याकडे आले. सोबत पदू होता आणि त्याच्या हातात टाइप केलेला कागद होता.

“बाय,” पोशा म्हणाला, “एकतीस घरं आडकलीत.”

“मला ठाव हाय.”

“तू आमच्यातच हायस की. मिळंल त्या घरात तुझी चूल मांडू कोपऱ्यात.”

“कोपरा केवडा हाय ते बघितलंस का तू?”

धाऊ म्हणाला, “सोमे, तुझं घर व्हतं. वाडीला ठाव हाय, डोंगराला ठाव हाय. पन कागदाला नाय पटत. कागदाशी भांडून आमी मेलो सगळी.”

“पदू, काय लिवलंय वाच रं.”

पदूने वाचले: सोमी शिद ही भावाच्या कुटुंबात राहत होती, तिचे स्वतंत्र घर कधीही नव्हते, चित्रातील बत्तिसावे घर गैरसमजाने काढले गेले.

“पुन्यांदा वाच.”

त्याने पुन्हा वाचले.

“ते ‘कधीही’ काढ. बाकी राहू दे.”

“नाय चालत म्हनतात कचेरीत, आत्या. इचारलं मी.”

“तू इचारलंस?”

“तीनदा इचारलं.”

तिने कागद मांडीवर घेतला, मग मांडी मऊ पडते म्हणून पत्र्याच्या डब्यावर ठेवला, आणि सही केली. तिला सहीला वेळ लागतो. शेवटच्या अक्षराची रेघ लांबली आणि तिने ती तशीच ठेवली. धाऊ उठताना तिच्या डोक्यावर हात ठेवायला वाकला. ती डबा उचलण्याच्या निमित्ताने बाजूला झाली.

महिनाभरात यादी मोकळी झाली. अंतराने त्यानंतर तिला आणखी एका प्रदर्शनासाठी बोलावले. सोमी आली नाही. पुढे पदूच्या लग्नात चौकाचा प्रश्न आला तेव्हा तिने हात दुखतो असे सांगितले. पत्र्यावर गेरू धरतही नव्हता. कर्जतहून चौक छापलेला फ्लेक्स आणून लावला गेला आणि लग्न व्यवस्थित पार पडले.

मे २०२५ मध्ये नव्या वसाहतीतल्या एकतीस घरांचा ताबा देण्यात आला. सोमी शिद कळंबजवळच्या एका रिसॉर्टमध्ये भांडी घासण्याच्या कामावर आहे आणि जुलै २०२५ पासून तेथील कामगारांच्या खोलीत इतर तीन बायकांबरोबर राहते.